पाण्याखालचा बांध

तुरीला पिवळं फूल लागलं की मला पाण्याचा वास येतो. बीदरमध्ये माझ्या क्वार्टरच्या आसपास ना तूर आहे ना पाणी. समोर लाल मातीचा माळ, डोक्यावर विमानांची घरघर आणि मागच्या रस्त्यावर हैदराबादला जाणाऱ्या बसगाड्या. तरी दसऱ्याच्या मागंपुढं एखाद्या सकाळी खेड्याकडचा कुणी पेशंट दवाखान्यातल्या बाकावर येऊन बसतो, त्याच्या धोतराच्या सोग्याला तुरीचं फूल चिकटलेलं असतं, आणि मी इंजेक्शन भरता भरता थांबते. गाळाचा, शेवाळाचा, ओल्या पोत्याचा वास नाकात भरतो. पूर्वी हा वास आला की कधी एकदा गाव गाठीन असं व्हायचं. आता मी त्या फुलाकडं पाठ करते.

यंदा वासाच्या आधी फोन आला. धाकटा भाऊ सिद्धार्थ गावाकडं शेती बघतो. तो म्हणाला, धरण काठोकाठ भरलंय, आणि दादा पाण्यावर जायचं म्हणायलेत.

दादा म्हणजे आमचे वडील. आणि पाण्यावर जाणं म्हणजे मासे धरायला जाणं. घरातून निघताना माशाचं नाव घ्यायचं नाही, घेतलं तर तो फिरकत नाही, अशी आमच्याकडची समजूत. म्हणून नुसतं 'पाण्यावर' जायचं, आणि पोतं रिकामं आलं तर 'पाणी बघून आलो' म्हणायचं. त्या एका सालानंतर दादांनी गळाला हात लावला नव्हता. दोरे, गळ, वेळूची काठी, सगळं त्यांनी आढ्याला बांधून टाकलं होतं. मी सिद्धार्थला विचारलं की काठावर बसायचं म्हणतात का.

"विहिरीवर जायचं म्हणायलेत," तो म्हणाला.

मी त्याच दिवशी रजा टाकली.

आमचं गाव आळंद तालुक्यातलं. जुनं गाव धरणाखाली गेलं आणि नवं वर माळावर बसलं, ही माझ्या जन्माआधीची गोष्ट. पण गाव गेलं तरी नावं गेली नाहीत. आजही माळावर उभं राहून पाण्याकडं बोट करत लोक म्हणतात, चिंचेच्या वावरात आज बगळे बसलेत, ओढ्यावर वारं सुटलंय, गावठाणात तराफे लागलेत. परक्याला नुसतं पाणी दिसतं. पाव्हणा आला की तो आमच्या तोंडाकडं बघतो आणि ह्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना, असा विचार करतो. मीसुद्धा ते शिवार कधी कोरडं पाहिलेलं नाही, पण कुणाचं वावर कुठं संपतं आणि कुणाचं कुठं सुरू होतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. बुडालेल्या जमिनीवर माणसं अशी बोलून बोलून ताबा ठेवतात. यात एकच धोका असतो. जमीन बदलली तरी बोलणं बदलत नाही.

पावसाळाभर धरणाचं पाणी लाल, गढूळ. त्यात गळ टाकणाऱ्याला शहाणा म्हणत नाहीत. हस्ताचा पाऊस ओसरतो, ऊन चटका द्यायला लागतं, गाळ खाली बसतो आणि पाणी निवळतं. रानात सोयाबीन निघालेलं असतं, ज्वारीची पेरणी तोंडावर असते, बांधावरची सीताफळं डोळा धरतात. त्या दिवसांत मरळ काठाला येते. काळपट, अंगठ्यापासून दंडाएवढी, सापाच्या तोंडाची मासळी. पाण्यात राहून हिला पाणी पुरत नाही. मधूनमधून वर येते, तोंडानं हवा ओढते आणि खाली जाते. तेवढाच एक 'डुबुक' आवाज होतो. त्या आवाजासाठी आम्ही तासन्‌तास गप्प बसायचो. ज्वारीच्या धांड्याचा बोटभर तुकडा दोऱ्याला बांधलेला, खाली गळाला इवलासा बेडूक, आणि तो पांढरा धांडा कधी बुडतोय याकडं सगळ्यांचे डोळे. बोलायचं झालं तर कुजबुजत. आयुष्यात आमचं घर इतकं शांत मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही.

मरळ लवकर मरत नाही, हेही सांगून ठेवते. ओल्या पोत्यात घालून घरी नेली तरी संध्याकाळपर्यंत आतल्या आत हलत असते. लहानपणी मला त्या पोत्याजवळ बसायला आवडायचं.

पाण्यावर आम्ही चौघं असायचो. दादा, सिद्धार्थ, मी आणि शरणप्पाअण्णा. अण्णा दादांच्या वयाचे, बुडालेल्या शिवारातले आमचे शेजारी. त्यांचं घर बसवतत्त्वाचं, गळ्यात लिंग, मासळीचा वासही घरात चालायचा नाही. तरी हा माणूस दरवर्षी आमच्याबरोबर यायचा. वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसायचा, पोत्याकडं पाठ करायचा, आणि धांडा बुडाला की सगळ्यांच्या आधी यालाच दिसायचा. दादा चिडवायचे, की शरण्या, तू खात न्हाईस पर तुला घावावा लई वाटतंय. अण्णा खळखळून हसायचे. त्यांच्या बायकोनं, नीलाक्कांनी, बांधून दिलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दुपारी सोडली जायची. ती चटणी आणि धरणाचं वारं. नंतर कितीदा घरी तशी चटणी करून पाहिली, तिला ती चव येत नाही.

दोघं लहानपणी एकत्र गुरं राखायचे. कन्नड-मराठीची मिसळ करून एकमेकांना शिव्या द्यायचे, एका विडीत दोघं ओढायचे. धरण झालं तेव्हा नव्या गावात जागा मागायला दोघं एकाच बसनं गेले होते. असं सगळं होतं. पण विहीरही होती.

आमचा जमिनीचा तुकडा आणि अण्णांचं वावर यांच्यामध्ये हद्दीचा एक बांध होता. दगडी, रुंद, बैल चालेल एवढा. तो सरळ त्यांच्या विहिरीपर्यंत जायचा. विहीर चिरेबंदी, काठाला मोठाले दगड, आत उतरायला पायऱ्या. आमच्या लोकांनी तिच्यावर चढायचं नाही. बांधाच्या टोकाला बसून ओंजळ धरायची, वरून कुणी पाणी ओतलं तर प्यायचं. एका उन्हाळ्यात दादा पोरगेलेसे असताना तहानेनं कासावीस झाले. विहिरीवर कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी काठाच्या दगडावर पाय ठेवला. अण्णांचे वडील झाडाखाली पडले होते. ते पडल्या पडल्याच म्हणाले, "तिकडं जाऊ नको." ओरडले नाहीत, काठी उगारली नाही. दादा म्हणायचे, मारलं असतं तर विसरून गेलो असतो. त्या घरात रोज सकाळी सगळी माणसं एक म्हणणारी वचनं म्हटली जायची. ती विहिरीपर्यंत पोचत नव्हती, एवढंच.

आणखी एक गोष्ट तिथंच ठरून गेली. आमच्या भागात पोरं पोहायला शिकतात ती विहिरीत. अण्णा त्या विहिरीत शिकले. उंबराच्या फांदीवरून उडी मारायचे म्हणे. दादा बांधावर बसून बघायचे. म्हणून दादांना पोहता येत नाही.

पुढं धरण झालं आणि पाण्यानं कुणाची जात विचारली नाही. वावरं, बांध, विहीर, सगळं एकाच दिवसात सारखं झालं. धरण भरलं की तो बांध पोटरीभर, पुढं गुडघाभर पाण्याखाली असतो आणि विहिरीचा काठ मांडीभर. दादांनी ते हेरलं. नव्या देवळाचं शिखर आणि पलीकडच्या काठावरची वाळकी बाभूळ एका रेषेत धरायची आणि सरळ चालत सुटायचं. पायाखाली बांध येतोच. दरवर्षी एकदा, सगळ्यांचे गळ टाकून झाले की, ते काठी घ्यायचे, विजार वर खोचायचे आणि पाण्यात शिरायचे. काठावरून दिसायचं ते असं, की एक माणूस भर धरणात पाण्यावरून चाललाय. डावीउजवीकडं पाऊल चुकलं तर गळ्याच्या वर पाणी, आणि विहिरीच्या आत चुकलं तर तळच नाही. मी श्वास धरून बसायची. विहिरीवर पोचले की ते काठाच्या दगडावर उभे राहायचे आणि आत गळ सोडायचे. तिथल्या कपारींत मोठ्या मरळी असतात, असं ते सांगायचे. असतीलही. मोठी झाल्यावर मला कळलं की दादा तिथं मासळीसाठी जात नाहीत, उभं राहायला जातात.

आणि तेवढा वेळ शरणप्पाअण्णा काठावर पाय पाण्यात सोडून मान खाली घालून बसायचे. कधी काही बोलले नाहीत. कधी त्या बांधावर पाऊल टाकलं नाही. दादा परत आले की दोघं तंबाखू मळायचे आणि विषय पावसाचा काढायचे. मैत्री अशीही असते, मधे एक विहीर ठेवून केलेली.

आता त्या सालाकडं येते. किती टाळलं तरी तिथंच यायचं आहे.

त्या उन्हाळ्यात धरण आटलं. मी ऐकलं ते फोनवर, कारण दादांना मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बीदरला आणलं होतं आणि ऊन उतरेपर्यंत ठेवून घेतलं होतं. काळा चष्मा लावून ते माझ्या गॅलरीत बसायचे आणि विमानं मोजायचे. सिद्धार्थ तेव्हा पुण्याला नोकरीत होता. म्हणजे त्या उन्हाळ्यात गावाकडं आमचं कुणीच नव्हतं. आटलेल्या धरणात तेव्हा जेसीबी उतरले होते. गाळ सोन्यासारखा, वरच्या माळाच्या शेतात टाकला की पीक उठतं, म्हणून सगळा तालुका ट्रॅक्टर घेऊन तुटून पडला होता. हे आम्हाला माहीत होतं. पण कुठं किती खणलं, हे कोण कुणाला सांगतं.

पाऊस उशिरा आला आणि आला तो कोसळला. दसऱ्यापर्यंत धरण भरलं. पांढरे कपडे घालून धम्मचक्राचा दिवस झाला, आणि दुसऱ्या सकाळी आम्ही पाण्यावर गेलो. सिद्धार्थ सुट्टीवर आला होता. तुरीवर फूल होतं, ऊन कोवळं होतं, सगळं जसंच्या तसं होतं. तरी काहीतरी खटकत होतं. पाण्याचा रंग आमच्या बाजूला नेहमीपेक्षा काळा दिसत होता. दरवर्षी त्या बुडालेल्या बांधावर बगळे ओळीनं उभे असतात, कारण तेवढीच जागा उथळ. त्या दिवशीही होते. पण ओळीच्या मधोमध मोकळी जागा होती. अलीकडं बगळे, पलीकडं बगळे, मधे नुसतं पाणी. मी ते पाहिलं आणि मला वाटलं, एखाद-दोन उडाले असतील. अजूनही स्वप्नात मला अण्णा दिसत नाहीत, ती मोकळी जागा दिसते.

अण्णा आले ते उशिरा, आणि उतरलेल्या तोंडानं. भाकरीचं गाठोडं सोडलंच नाही. धांडा बुडाला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. उपरण्यानं सारखं तोंड पुसत होते. दादा मात्र खुशीत. नव्या डोळ्यानं पाणी कसं लख्ख दिसायलंय, हे त्यांनी सगळ्यांना ऐकवून झालं होतं. सकाळीच दोन मरळी लागल्या होत्या, त्या पोत्यात घातल्या होत्या. मग दादा उठले, विजार खोचली, काठी घेतली.

अण्णा म्हणाले, "नामदेवा, तिकडं जाऊ नको."

मी दादांचं तोंड पाहिलं. त्यांच्या तोंडावरचा सगळा म्हातारपणा गेला आणि तिथं एक तहानलेलं पोर आलं. ते हळू आवाजात म्हणाले, "कामून?"

अण्णा पाण्याकडं बघत राहिले. बोलायला त्यांना लागला तेवढा वेळ कुणालाही लागू नये. त्यामागचं कारण आम्हाला नंतर नीलाक्कांकडून कळलं. तो बांध अण्णांनी स्वतः मोडला होता. आपल्या बुडीत वावरातला गाळ वर न्यायचा, तर ट्रॅक्टरला वाट पाहिजे. म्हणून बांध मधोमध फोडला, आणि मशीनवाल्यानं त्याच जागी खोल खणत नेलं. पाण्याखालची जमीन, विचारायचं कुणाला आणि कशाला, असं तेव्हा वाटलं. पण आमच्याकडं हद्दीचा बांध म्हणजे साधी गोष्ट नव्हे. त्यावरून सख्ख्या भावांत कुऱ्हाडी निघतात. शेजाऱ्याला न विचारता सामाईक बांध मोडला, तेही नामदेवाचा, हे अण्णांच्या मनाला लागून राहिलं होतं. दादा बीदरहून आले की सांगायचं, म्हणून ते रोज घरातून निघायचे आणि अर्ध्या वाटेतून परत यायचे. हे सांगताना नीलाक्का दारातली रांगोळी पायानं पुसत होत्या.

तर त्या सकाळी अण्णा शेवटी एवढंच बोलले, की बांध राहिला न्हाई तिथं. पण तोवर दादांनी ऐकायचं थांबवलं होतं. पाण्याखालचा बांध कुणी खाल्ला, असं त्यांनी विचारलं. आणि मग जे इतकी वर्षं मनात होतं ते बोलून गेले. "तुझा बाप बी हेच म्हणला व्हता. आता तू."

मी दोघांच्या मधे पडले नाही, सिद्धार्थही पडला नाही. ते आमच्या जन्माआधीचं होतं.

अण्णा उठले. धोतर वर खोचलं. दादांच्या हातातली काठी काढून घेतली आणि म्हणाले, "मी पुढं होतो. तू माझ्या मागं ये."

दादांचा राग एका क्षणात उतरलेला मी पाहिला. त्यांना वाटलं, शरण्या मला विहिरीवर नेतोय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो त्या बांधावर पाऊल टाकत होता, आणि तेही हात धरल्यासारखं पुढं होऊन. अण्णांच्या मनात तेच होतं, का मोडलेली जागा काठीनं दाखवायची होती, हे मला आजही सांगता येत नाही. दोन्ही असेल. दोघं पाण्यात शिरले. पुढं अण्णा काठी टेकत, मागं दादा. बगळे एकेक करून उडत होते. खरं सांगते, इतक्या वर्षांत त्या बांधावर दादा चालताना मला पहिल्यांदाच भीती वाटली नाही. पुढं पोहता येणारा माणूस होता.

काठीला तळ लागला नाही. पण ते कळेपर्यंत पाऊल पुढं पडलं होतं. अण्णा ओरडले नाहीत. मरळ दम घ्यायला वर येते, तेवढाच आवाज झाला.

दादा फुटलेल्या बांधाच्या कडेवर उभे होते, दोन्ही हात पुढं करून. हाताच्या अंतरावर पाणी हलत होतं आणि त्यांना त्यात उतरता येत नव्हतं. सिद्धार्थनं काठावरून उडी टाकली, तो कॉलेजात असताना पोहायला शिकलेला. तराफेवाले आले. खड्ड्यात मऊ गाळ होता, धोतर पायाला गुंडाळलं होतं, वय झालेलं होतं. पोहणं त्यांना येत होतं, त्याचा तिथं काही उपयोग नव्हता. काठावर आणल्यावर मी त्यांची छाती दाबत राहिले. माझे हात दवाखान्यातले आहेत, ते त्यांचं काम करत राहिले. मला कळायचं ते आधीच कळलं होतं.

शेजारी पोतं हलत होतं. कुणाचं लक्ष गेलं नसतं, पण दादांचं गेलं. ते पाण्यापर्यंत गेले, पोतं उलटं केलं, मरळी सुटल्या. मग पोतं तिथंच टाकून ते अण्णांच्या पायाशी येऊन बसले.

त्या सालानंतर सिद्धार्थ पुण्याला परत गेला नाही. नीलाक्का दादांना एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, दादांना काही उत्तर तरी देता आलं असतं. समोरासमोर आल्या की त्या पदर सावरून बाजूला व्हायच्या आणि दादा चपला काढून उभे राहायचे. आमच्या गावात हे बघून लोक वाट बदलायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात धरण पुन्हा खाली गेलं आणि दादा पहाटे घरातून निघायला लागले. सिद्धार्थ मागं गेला तेव्हा त्याला दिसलं, की दादा ओढ्यातले दगड डोक्यावर घेऊन त्या खड्ड्यात टाकतायत. खड्ड्यात अजून पाणी होतं. खड्डा भरेपर्यंत ते टाकत राहिले, मग वर बांध रचला. गाव म्हणालं, म्हातारा येडा झाला, पाण्याखाली जाणारा बांध कुणी घालतं का. सिद्धार्थनं भांडून पाहिलं, मग तोही दगड उचलू लागला. ताकाचा तांब्या रोज कुणीतरी बाभळीखाली ठेवून जायचं. तो कुणी ठेवला, हे दादांनी विचारलं नाही.

हे सगळं सिद्धार्थनं मला आळंदच्या स्टँडवरून घरी नेताना सांगितलं. मी दादांना काय काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत होते. घरी पोचले तर ते ओसरीवर बसून काठी पुसत होते. गळ नव्हता, दोरा नव्हता, पोतं नव्हतं. मी म्हटलं, दादा, तुम्हाला आता त्या विहिरीवर काय ठेवलंय. रागात बोलले मी, रडूही येत होतं.

ते म्हणाले, "शरण्या मला तिथं न्यायला लागला व्हता. निम्म्यावरच ऱ्हायलं."

त्यापुढं माझं जुळवलेलं सगळं सांडलं. त्यांना अडवायचं तर काय सांगून अडवायचं? नवा बांध बसला का धसला, ते पाण्याखाली कुणाला दिसतंय? गाळावर रचलेला दगड एका पावसाळ्यात जाऊ शकतो. आणि बांध आहे म्हणणारा माणूस तोच, ज्यानं बांध नाही म्हणणाऱ्याचं ऐकलं नव्हतं.

सकाळी आम्ही गेलो. तुरीची फुलं, ऊन, गाळाचा वास, सगळं आपापल्या जागी. दादांनी शिखर आणि बाभूळ एका रेषेत धरली. मी पाण्याकडं पाहिलं. बगळे उभे होते. काठापासून विहिरीपर्यंत, एका ओळीत, मधे कुठं खंड नाही. मी पुन्हा पुन्हा बघितलं. म्हणजे बांध होता. म्हाताऱ्यानं खरंच घातला होता. मी मागं येते म्हटलं, तर दादांनी हातानंच थांबवलं. तुला पवता येत न्हाई, असं म्हणाले. आणि शिरले.

पोटरीभर पाणी. काठी, पाऊल, काठी, पाऊल. जवळचे बगळे उडून पुढं बसले. सिद्धार्थ कपडे काढून पाण्याच्या कडेला तयार उभा होता. दादा त्या जागेच्या जवळ आले. ती जागा आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, तिथं खूण लागत नाही. तेवढ्यात माझ्या मागं बांगड्यांचा आवाज झाला. नीलाक्का आल्या होत्या, हातात भाकरीचं गाठोडं. त्या माझ्याकडं न बघता पुढं गेल्या, पाण्यात पाय बुडेपर्यंत गेल्या, आणि दादांना थोरल्या भावासारखी कन्नड हाक मारून म्हणाल्या, "अण्णा, तिकडं जाऊ नका."

मोठ्यानं नाही. पण पाण्यावरून आवाज जातो.

दादा थांबले. आमच्याकडं त्यांची पाठ होती. मी ती पाठ बघत होते, आणि मला वाटलं, आता हा माणूस पुढं जाणार. हे शब्द ऐकून तो आयुष्यात कधी मागं फिरलेला नाही. पुढं बांध होता. त्याच्या स्वतःच्या डोक्यावरून आलेला एकेक दगड होता. विहीर होती. आणि हे शब्द पुन्हा त्याच घरातून आले होते.

ते तसेच उभे राहिले. वारं आलं, पाण्यावर सुरकुती पडली, गेली. त्यांनी 'कामून' विचारलं नाही.

"व्हय, वैनी," दादा म्हणाले.

त्यांनी हातातली काठी तिथंच दगडांच्या सांदीत घट्ट रोवली. वळले, आणि आल्या वाटेनं एकेक पाऊल टाकत परत आले. नीलाक्कांनी गाठोडं सोडलं. दोघंही काठावर पाय पाण्यात सोडून बसली, अण्णा बसायचे त्या जागेवर, मधे थोडी जागा ठेवून. पलीकडं रोवलेल्या काठीपासून विहिरीपर्यंत बगळे तसेच ओळीनं उभे होते.